अप्रतिरूप मुद्राचित्रण

विसाव्या शतकाच्या मध्यास बहरलेला मुद्राचित्रणाचा एक आधुनिक प्रवाह. दृश्य वस्तूंचे अनुकरण न करता ठशावरील रेषा, पोत व खोली यांतूनच प्रतिमा घडविणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. रेम्ब्रँट, गोया इत्यादींची स्वतंत्र निर्मिती वगळता यूरोपात उत्कीर्णनाचा उपयोग बव्हंशी रंगचित्रांच्या प्रतिकृतींसाठी होत असे. छायाचित्रणाच्या प्रसारानंतर ते प्रयोजन संपले व मुद्राचित्राला स्वत:ची भाषा शोधावी लागली.

या शोधाचे प्रमुख केंद्र म्हणजे इंग्लिश चित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर (१९०१–८८) याने १९२७ मध्ये पॅरिस येथे काढलेली कर्मशाळा. १९३३ मध्ये ती ज्या घरात गेली त्याच्या क्रमांकावरून तिला ‘आतल्ये १७’ हे नाव पडले. महायुद्धामुळे १९४० मध्ये ती न्यूयॉर्कला हलविण्यात आली. हेटर १९५० मध्ये पॅरिसला परतला. कोरणी पुढे रेटीत असता तो तांब्याचा पत्राच फिरवीत असे. त्यामुळे रेषा वस्तूची कडा न राहता अवकाशातील गतीची खूण बनली. १९४४-४५ मध्ये येथे काम करणाऱ्या जॅक्सन पॉलक याच्या मुद्राचित्रांतही अशाच गुंतत जाणाऱ्या रेषा आढळतात.

रंगीत मुद्रणासाठी पूर्वी सामान्यत: प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागे. कृष्ण रेड्डी (१९२५–२०१८) व कैको मोती या भारतीय कलावंतांनी पॅरिसच्या कर्मशाळेत हेटरसमवेत निराळी पद्धत विकसित केली. तेलाच्या प्रमाणानुसार शाईची श्यानता बदलते व पातळ शाईच्या थरावर दाट शाई बसत नाही. या तत्त्वानुसार कठीण व मऊ रुळांनी ठशाच्या निरनिराळ्या पातळ्यांवर शाया चढवून सर्व रंग एकाच दाबात उमटविता येतात.

तथापि, या तांत्रिक समृद्धीत एक धोकाही होता. कर्मशाळेतून बाहेर पडलेल्या अनेक कृतींत जाळीदार पोत व रंगांची झळाळी एवढेच उरते. प्रक्रियेचे नाविन्य ओसरले, की चित्रही फिके पडते. रेड्डी यांच्या ‘व्हर्लपूल’ (१९६३) या चित्रात मात्र तसे घडत नाही. मूलत: शिल्पकार असल्याने त्यांनी ठसा उत्थित शिल्पासारखा कोरला, म्हणून त्यातील रंग पृष्ठावर लावल्यासारखे न वाटता खोलीतून वर आल्यासारखे भासतात. तंत्र आणि आशय यांची अशी एकात्मता, हाच या प्रवाहातील कृतींच्या मूल्यमापनाचा खरा निकष ठरतो.