‘राजा हरिश्चंद्र’: एका घराचा चित्रपट

21 एप्रिल 1913 रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चा खास खेळ निमंत्रितांना दाखवला. गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी लागला 3 मे रोजी. मूळच्या चार रिळांपैकी आज पहिलं आणि शेवटचं तेवढं हाती आहे. ही रिळं 1913 ची की फाळक्यांनीच 1917 मध्ये नव्याने केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. फाळक्यांची नजर मात्र त्यांत जागोजाग भेटते, आणि तिची ओळख पटत जाणं हाच हा चित्रपट पाहण्यातला खरा आनंद आहे.

सुरुवातच पाहावी. सत्त्वशील राजाची कथा सांगायची, तर दरबार, सिंहासन, चवऱ्या हे सगळं आयतं हाताशी होतं. फाळके सुरुवात करतात ती राजा लहानग्या रोहिदासाला धनुर्विद्या शिकवतो आहे आणि तारामती सोबत आहे, अशा प्रसंगाने. रविवर्मा प्रेससाठी काम केलेल्या माणसाची ही मांडणी आहे: पात्रं प्रेक्षकांसमोर, चित्रात बसवल्यासारखी. मग नगरजन राजाला शिकारीचं आमंत्रण द्यायला आत येतात आणि ते स्थिर चित्र एकदम हलू लागतं. पुढे राज्य जाणार आहे हे प्रेक्षकाला ठाऊकच असतं. राज्याबरोबर काय काय जाणार आहे, ते या एका दृश्याने आधीच दाखवून ठेवलं. केवढा हा संयम!

या रोहिदासाकडे जरा निरखून पाहावं. कथेत हा मुलगा मरतो, म्हणून कुणी आपला मुलगा द्यायला तयार होईना. शेवटी फाळक्यांनी स्वतःच्या भालचंद्रला उभं केलं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या ताफ्याचा स्वयंपाक करत आणि फिल्मला भोकं पाडण्याचं किचकट कामही उरकत. पडद्यावरच्या बाप-लेकाला ही घरची ऊब मिळाली आहे.

मग स्नानाचं दृश्य. हौदात तारामती आणि तिच्या सख्या चिंब भिजल्या आहेत आणि राजा तिला बोलवायला येतो. या सगळ्या ‘बायका’ म्हणजे पुरुष. 1913 ची तारामती होते अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारे. ओली साडी नटाला लपायला जागा ठेवत नाही, तरी फाळके हे दृश्य टाळत नाहीत. उलट पाण्याच्या त्या खेळकरपणातून अंतःपुरातला मोकळा संसार ते दाखवतात. हे धाडस त्यांना शोभून दिसतं.

विश्वामित्राच्या यज्ञाचा प्रसंग तर पुन्हा पुन्हा पाहावा. ज्वाळांमध्ये तीन शक्ती स्त्रीरूपात दिसतात. अशी किमया तेव्हा कॅमेऱ्यातच साधावी लागे: फिल्म मागे गुंडाळायची, तिच्यावर दुसऱ्यांदा छायांकन करायचं, आणि दोन्ही वेळा कॅमेरा तसूभरही हलू द्यायचा नाही. फाळके ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करत. चमत्कार केव्हा दाखवायचा, हे ते त्यातच शिकले असावेत. इथे चमत्कार कथेच्या ऐन वळणावर येतो: त्या शक्तींच्या हाकेला ओ देऊन त्यांना सोडवणारा राजा त्याच दयेपायी ऋषीच्या कोपाला पात्र ठरतो. तांत्रिक करामतीतूनच कथेची गाठ बसते, ही कारागिरी अव्वल आहे.

शेवटच्या रिळात राजाने पत्नीवरच शस्त्र उगारलेलं असताना शंकर प्रकटतात. पुराणात हा सत्त्वपरीक्षेचा निकाल आहे. पहिलं दृश्य मनात ठेवून पाहिलं, की राजाला त्याची माणसं परत मिळतात, हेच अधिक मोठं वाटतं. मूकपटाला शब्दांचा आधार पाट्यांपुरता, त्याही हिंदी-इंग्रजीत. तरी आजी, सून आणि नातू शेजारी बसून ही गोष्ट सारखीच समजू शकतात. आपल्या चित्रपटाने पहिलं पाऊल टाकलं ते घरातल्या माणसांवर इतकी माया ठेवून, याचं मला फार अप्रूप वाटतं.