तालुक्याचा ठेका

‘रॅप म्हणजे आपली नवी शाहिरी’ हे वाक्य हल्ली फार स्वस्त झालं आहे. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात तरी ते तपासल्याशिवाय खपू नये. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर २०२१ साली गेले. त्यांनी तमाशाच्या फडांसाठी वग लिहिले, लावण्या-गवळणी लिहिल्या, हुंड्यावर आणि एड्सवरही गाणी रचली. शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. दौंड तालुक्यात चौफुल्याच्या कला केंद्रांत अजून लावणी रंगते. इथल्या माणसाला ठेका चुकलेला कळतो, यमक ओढूनताणून आणलेलं कळतं. या श्रोत्यासमोर मराठी रॅप अजून नीट उभाच राहिलेला नाही, हे मला सलतं.

तसं पाहिलं तर आज मराठी रॅपला चांगले दिवस आहेत. पुण्याच्या श्रेयस जाधवने ‘किंग जेडी’ या नावाने सुरुवातीच्या काळात शहरी, चित्रपटाला चालेल असा रॅप रुजवला. ‘गली बॉय’ हा चित्रपट २०१९ साली आला आणि गावोगावची पोरं मोबाइलवर बीट लावून लिहू लागली. मला जास्त मोलाचे वाटतात ते या शहरी वाटेबाहेरचे आवाज. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी बोली घेऊन ‘हसल’ या टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेच्या मंचावर गेला आणि ती बोली त्याने तिथे जराही घासूनपुसून घेतली नाही. मधुरा घाणे म्हणजे ‘माही जी’ महादेव कोळी समाजातून येते आणि आदिवासींचं जगणं मांडते. मुंबईच्या ‘स्वदेसी’ने आरेतल्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन वारल्यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. एप्रिल २०२३ मध्ये सत्ताधाऱ्यांवरच्या रॅपपायी राज मुंगासेवर गुन्हा दाखल झाला. शब्द लागल्याशिवाय असं होत नाही.

तरी एक गाणं गाजणं वेगळं आणि कलावंत म्हणून वीस वर्षं टिकणं वेगळं. इथे अमेरिकेच्या दक्षिणेकडे पाहायला हवं. टेक्सासमधलं पोर्ट आर्थर हे तेलशुद्धीकरण कारखान्यांचं गाव, मोठं शहर ह्यूस्टन तिथून दीडेकशे किलोमीटरवर. त्या गावचे पिंप सी आणि बन बी ‘यूजीके’ या नावाने उभे राहिले आणि १९९२ साली त्यांचा पहिला अल्बम आला. तेव्हा हिप हॉप म्हणजे न्यूयॉर्क, फार तर लॉस एंजेलिस. ऑगस्ट १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या ‘आउटकास्ट’ला पुरस्कार मिळाला तर सभागृहाने हुर्यो उडवली, आणि दक्षिणेलाही काही सांगायचं आहे असं ‘आउटकास्ट’मधल्या आंद्रेने मंचावरूनच ठणकावलं. यूजीकेने मात्र न्यूयॉर्कची मनधरणी केली नाही. पिंप सी ट्रम्पेट वाजवणाऱ्याचा मुलगा. जुन्या सोल-ब्लूजची गिटार, ऑर्गनचे सूर आणि गाडीच्या डिकीतले स्पीकर हादरवणारा खर्ज यांतून त्याने आपला नाद बांधला आणि त्याला खुशाल ‘कंट्री रॅप’ म्हणवून घेतलं. मधली काही वर्षं तो तुरुंगात होता, तेव्हा बन बीने प्रत्येक व्यासपीठावर त्याचं नाव जागतं ठेवलं. २००७ साली त्यांचा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिला आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पिंप सी वारला. पुढे बन बी ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात धर्म आणि हिप हॉप या विषयावर शिकवू लागला.

यूजीकेचं हे यश स्वतःच्या भागातल्या कानांसाठी गाणं बांधल्याने आलं. आपल्याकडे नेमकं तेच राहून जातं. शिरूर-दौंडकडच्या वरातीत पिकअपवर रचलेले स्पीकर असतात, पुढे हलगी असते, जागरण-गोंधळात संबळ असतं. या तालांवर शब्द बसवायला वेगळा श्वास लागतो, पण बहुतेक पोरं इंटरनेटवरची तयार बीट उचलतात. ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये जगभर वाजलं, पण ते मुळात हाउस संगीत. त्यात शब्दाला काम थोडंच होतं.

दुसरी अडचण रचनेची. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे ओळीच्या टोकाला ‘आला-गेला-केला’ आयतं येऊन बसतं. असं यमक फुकट मिळतं म्हणूनच ते पोकळ वाजतं. चांगला शाहीर क्रियापद आधीच उरकतो आणि शेवटी नाम ठेवतो, किंवा प्रास ओळीच्या पोटात लपवतो. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात तर शक्ती मोठी की शिव, अशा प्रश्नांवर रात्र जायची. समोरच्याला उत्तर सुचू नये म्हणून कूटं रचावी लागत. आजच्या रॅपमधली बरीच भांडणं ‘मी भारी, तू फालतू’च्या पुढे जात नाहीत. शिवाय कोयता, गाडी, भाई यांचं कौतुक. पिंप सीच्या गाण्यांतही गुन्हेगारी आणि बायकांबद्दलची हिणकस भाषा होतीच, तिचं समर्थन मी करणार नाही. पण रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटावर बारा तास उभं राहणाऱ्या पोराचं, दौंड जंक्शनवरून पहाटे पुण्याची गाडी पकडणाऱ्या मुलीचं, उसाच्या फडात पाचट ओढणाऱ्या जोडप्याचं गाणं मला या भागातून ऐकायचं आहे. कोरेगाव भीमा याच शिरूर तालुक्यात आहे. १ जानेवारीला शेजारच्या पेरणे फाट्यावर जयस्तंभाला मानवंदना द्यायला लोटणाऱ्या गर्दीने भीमगीतं पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवली आहेत. आंबेडकरी रॅपला याहून जाणता श्रोता मिळायचा नाही.

आणि पैशाचं काय? व्ह्यूजवर घर चालत नाही. तमाशाने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता: नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, बोली होते, सुपारी ठरते. शिरूर-दौंडच्या पोरांनी मुंबईच्या कंपनीच्या फोनची वाट पाहण्याआधी आपल्याच गावच्या कमिटीकडे जावं, हलगीवाला आणि संबळवाला सोबत न्यावा, तमाशाच्या गणाआधीचा अर्धा तास मागावा आणि तो मानधन ठरवूनच मागावा.