नावाचा धनी कोण? : बनावट मालाविरुद्धच्या कायद्याची सातपाटीच्या संदर्भातील चिकित्सा

सारांश

बनावट मालाविरुद्धचा भारतीय कायदा वेष्टनावरील चिन्ह आणि त्या चिन्हाचा एक निश्चित मालक गृहीत धरतो. सातपाटीचे पापलेट वेष्टनाशिवाय, केवळ गावाच्या नावावर विकले जाते. त्यामुळे हे गृहीतक तेथे अपुरे पडते. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ आणि वस्तूंचे भौगोलिक मानांकन (नोंदणी व संरक्षण) अधिनियम, १९९९ यांतील अंमलबजावणीच्या तरतुदी सामूहिक नावाच्या रक्षणासाठी कितपत उपयोगी ठरतात, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजशब्द : बनावट माल, व्यापारचिन्ह, भौगोलिक मानांकन, सामूहिक चिन्ह, सातपाटी, पापलेट.

प्रस्तावना

पालघर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस समुद्रकाठी वसलेले सातपाटी हे मांगेला आणि वैती समाजांच्या मासेमारीचे प्रसिद्ध बंदर आहे. त्याच्या उत्तरेस बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. एकाच जिल्ह्यातील या दोन ठिकाणांचा माल बाजारात दोन भिन्न रीतींनी ओळखला जातो. कारखान्यातून निघणाऱ्या औषधाला, रसायनाला वा कापडाला वेष्टन असते, त्यावर नोंदणीकृत चिन्ह असते आणि त्या चिन्हामागे कंपनी, तिचा वकील व तिचा अन्वेषक उभा असतो. सातपाटीच्या पापलेटाला यांपैकी काहीच नसते. पाटीतल्या बर्फावर ठेवलेला मासा आणि विकणारणीच्या तोंडचा ‘सातपाटीचा आहे’ हा शब्द, एवढीच त्याची ओळख असते.

गिऱ्हाईक त्या शब्दासाठी चार पैसे अधिक मोजते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा लौकिकाचा मोबदला आहे आणि बौद्धिक संपदेच्या परिभाषेत याच लौकिकाला मालमत्ता म्हणतात. मग या मालमत्तेची चोरी झाल्यास कायदा कोणाच्या हाकेला धावून येतो, हा प्रश्न उपस्थित होतो.

कायद्याची चौकट आणि तिचे गृहीतक

जागतिक व्यापार संघटनेचा ‘ट्रिप्स’ करार १ जानेवारी १९९५ रोजी अमलात आला. त्याच्या ६१ व्या अनुच्छेदाने व्यापारी प्रमाणावरील जाणूनबुजून केलेल्या चिन्हांच्या बनावटीस आणि प्रतिलिपी हक्काच्या चोरीस फौजदारी शिक्षा ठेवणे सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक केले. भौगोलिक मानांकनाच्या बाबतीत मात्र असे बंधन त्या अनुच्छेदात नाही. मानांकनाला स्वतंत्र संरक्षण देतानाही या कराराने भेद केला. २३ व्या अनुच्छेदातील अधिक कडक संरक्षण मद्यांनाच लाभले. ‘अमुक पद्धतीचे’ अशी कबुली देऊनही ते नाव वापरता येणार नाही, हा लाभ युरोपच्या द्राक्षासवाला मिळाला. फळे, मासे व हस्तकला यांच्या वाट्याला २२ वा अनुच्छेद आला. त्यानुसार ग्राहकाची दिशाभूल झाली किंवा अनुचित स्पर्धा घडली, हे सिद्ध करावे लागते.

भारतीय विधिमंडळाने या बाबतीत कराराच्या पुढे पाऊल टाकले, हे मान्य केले पाहिजे. १५ सप्टेंबर २००३ रोजी अमलात आलेल्या दोन्ही अधिनियमांत शिक्षेचे माप समान आहे. खोटे व्यापारचिन्ह लावणाऱ्यास (कलम १०३) आणि खोटे भौगोलिक मानांकन लावणाऱ्यास (कलम ३९) सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कागदावर सातपाटीचा मच्छीमार आणि बहुराष्ट्रीय कंपनी यांच्यात भेद नाही. भेद उत्पन्न होतो तो अंमलबजावणीच्या पायरीवर.

जप्तीची प्रक्रिया आणि नाशवंत माल

दोन्ही कायद्यांनुसार पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यास अधिपत्राविना झडती व जप्ती करता येते. मात्र त्यापूर्वी निबंधकाचे मत घेणे आणि त्या मतानुसार वागणे त्याच्यावर बंधनकारक आहे. (व्यापारचिन्ह अधिनियम, कलम ११५, मानांकन अधिनियम, कलम ५०.) निष्पाप व्यापाऱ्यास पोलिसी जाचापासून वाचवण्याचा या तरतुदीचा हेतू स्तुत्य आहे. परंतु ती गोदामात महिनोन्‌महिने टिकणारा माल डोळ्यांपुढे ठेवून रचलेली दिसते. भौगोलिक मानांकनाची नोंदवही चेन्नईत आहे. तेथून मत येईपर्यंत साबणाची वडी जागेवर राहील, पण पापलेट राहणार नाही. जप्त मालावर हक्क सांगणाऱ्यास दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे. ताज्या माशाच्या बाबतीत ही मुदत म्हणजे थट्टाच ठरते.

दुसरी अडचण पुराव्याची आहे. ‘व्यापारी वर्णन’ या संज्ञेत माल कोठे उत्पन्न झाला याविषयीच्या विधानाचा समावेश होतो. त्यामुळे मानांकनाची नोंदणी नसतानाही मूळस्थानाविषयीचे खोटे वर्णन कलम १०३ च्या कक्षेत येऊ शकते. या तरतुदीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मात्र असे वर्णन मालाला ‘लावले’ केव्हा म्हणावयाचे, हे सांगताना कायदा फलक, जाहिरात, देयक, दरपत्रक अशा लिखित साधनांचा विशेष उल्लेख करतो. बाजारात उच्चारलेला शब्द हवेत विरतो. हॉटेलच्या दरपत्रकावर ‘सातपाटी पापलेट’ छापले असेल तर ते पुरावा ठरेल. तेच वाक्य मासळीबाजारात उच्चारले गेले तर ते सिद्ध कसे करणार?

बनावट नेमकी कशात?

माशाच्या व्यवहारात बनावटीचे किमान तीन प्रकार संभवतात. पहिला जातीचा. गोड्या पाण्यात वाढवलेला रूपचंद हा मासा अजाण गिऱ्हाइकाच्या गळी पापलेट म्हणून उतरवला जातो. हा उघड फसवणुकीचा प्रकार असून त्याला गावाच्या नावाचीही गरज भासत नाही. दुसरा प्रकार मूळस्थानाचा. मासा पापलेटच असतो, परंतु तो दूरच्या बंदरातून आलेला असतो. तिसरा काळाचा. महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते. त्या काळात ‘सातपाटीचे ताजे’ म्हणून विकला जाणारा मासा एक तर बर्फात साठवलेला असतो किंवा अन्यत्रचा असतो.

दुसऱ्या प्रकारात खरा पेच आहे. समुद्रातील मासा गावाची वेस ओळखत नाही. द्राक्षवेलीला माती असते, चिकूच्या झाडाला वाडी असते. पापलेटाचे थवे मात्र फिरते असतात. मग सातपाटीचे असे त्यात काय? मानांकनाच्या व्याख्येतच याचे उत्तर आहे. गुणवत्ता, लौकिक किंवा अन्य वैशिष्ट्य यांपैकी एखादी गोष्ट मूलतः त्या भूभागाशी निगडित असली तरी पुरते. सातपाटीचा लौकिक माणसांच्या कामावर उभा आहे : दालदी जाळ्यांनी केलेली मासेमारी, मासा दबू न देता बर्फात ठेवण्याची रीत आणि गावातील मच्छीमार सहकारी संस्थांनी रुजवलेली वजनानुसार प्रतवारी करून खरेदी करण्याची पद्धत. कारखान्यात ज्याला गुणवत्ता-नियंत्रण म्हणतात, तेच काम या प्रतवारीने बंदरावर केले आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने पापलेटाला महाराष्ट्राचा ‘राज्य मासा’ घोषित केले. हा सन्मान माशाच्या जातीला मिळालेला आहे. त्यातून सातपाटीला किंवा अन्य कोणत्याही बंदराला नावाचा अनन्य हक्क प्राप्त होत नाही. सन्मान आणि स्वामित्व यांतील हा भेद सार्वजनिक चर्चेत वारंवार पुसला जातो, म्हणून तो नमूद करणे आवश्यक आहे.

मालकाविना हक्क निष्फळ

पालघर जिल्ह्याला मानांकने नवीन नाहीत. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये, डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये मानांकन मिळाले. २०१८ मध्ये हापूसला मिळालेल्या मानांकनाच्या क्षेत्रातही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड व ठाणे यांच्या जोडीला पालघरचा समावेश आहे. तरीही वारली आकृत्या पेल्यांवर, चादरींवर, भिंतीच्या कागदावर छापून विकल्या जातात आणि त्यांतील बहुतेक छपाईशी वारली हातांचा काही संबंध नसतो. परप्रांतीय आंबा कोकणच्या नावाने विकला जाण्याची तक्रार तर दर हंगामात ऐकू येते. याचा अर्थ असा की, नोंदणी ही अंमलबजावणीची पूर्वअट आहे, पण केवळ तिच्यामुळे अंमलबजावणी घडून येत नाही.

कोल्हापुरी चपलेचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जून २०२५ मध्ये ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीशी साम्य असलेल्या चपला मांडल्या. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळण्यात आली. मानांकनाचे नोंदणीकृत धनी न्यायालयात आलेले नाहीत आणि त्यांना दाव्याचा मार्ग मोकळा आहे, हा त्यामागील मुख्य आधार होता. लोकांचा संताप कितीही सच्चा असला, तरी हक्क बजावण्याचा अधिकार नोंदवहीतील नावालाच असतो, हा त्या निर्णयाचा बोध आहे. भक्कम धनी असला तरीही यशाची हमी नाही. कोलकात्यातील एका हॉटेलच्या ‘दार्जिलिंग लाउंज’ या नावाविरुद्ध चहा मंडळाने आयटीसी कंपनीवर केलेला दावा कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळला. मानांकनाचा हक्क वस्तूपुरता असतो, ही मर्यादा त्यातून स्पष्ट झाली.

कारवाईचा रोख कोणाकडे?

कठोर अंमलबजावणीची मागणी करताना तिचा आघात कोणावर होईल, याचाही विचार व्हावयास हवा. बनावट ब्रँडेड मालाविरुद्धच्या छाप्यांत हाती लागतो तो बहुधा शेवटचा विक्रेता. माल तयार करणारा दूर राहतो. माशाच्या बाबतीत शेवटची विक्रेती ही बहुधा पाटी घेऊन बसलेली मच्छीमार स्त्री असते. होडी रिकामी आली किंवा बंदीचा काळ असला, तर घर चालवण्यासाठी ती घाऊक बाजारातून मासा विकत घेते. ती स्वतः सातपाटीची असते, तिचा मासा कदाचित नसतो. गिऱ्हाईक ‘सातपाटीचा का?’ असे विचारते तेव्हा तिचा होकार माशाविषयी असतो की स्वतःविषयी, हे कोणत्या कलमाने ठरवावयाचे?

व्यापारचिन्ह अधिनियमाच्या कलम १०४ मध्ये विक्रेत्यास बचाव आहे. वाजवी खबरदारी घेतली होती, संशयास कारण नव्हते आणि माल कोणाकडून घेतला याची माहिती मागताच दिली, हे त्याने दाखवल्यास तो सुटू शकतो. तथापि या बचावासाठी खरेदीची नोंद लागते. घाऊक बाजारात पावतीविना माल घेणाऱ्या स्त्रीपाशी ती नसते. ज्यांचे नाव वाचवावयाचे, त्यांनाच आरोपी करणारी अंमलबजावणी न्याय्य म्हणता येणार नाही.

पर्यायी मार्ग

व्यापारचिन्ह अधिनियमाचे कलम ९ केवळ भौगोलिक नावाने बनलेल्या चिन्हाची नोंदणी सामान्यतः नाकारते. ‘सातपाटी’ हा शब्द एकट्याची खासगी मालमत्ता होऊ नये, हे इष्टच आहे. परंतु त्याच कायद्यात सामूहिक चिन्हाची तरतूद आहे. सहकारी संस्थेने विशिष्ट आकृतीसह असे चिन्ह नोंदवून सभासदांसाठी वापराचे नियम ठरवल्यास बंदरावरच प्रत्येक पेटीला जाळ्याचा प्रकार, प्रतवारी व तारीख यांची चिठ्ठी लावता येईल. मानांकनाच्या मार्गाने गेल्यास प्रत्येक मच्छीमाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करणे अगत्याचे आहे, कारण कलम २१ नुसार अतिक्रमणाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क धन्याबरोबर अधिकृत वापरकर्त्यालाही मिळतो. नाशवंत मालासाठी छायाचित्र, नमुना व पंचनामा यांवर आधारित तातडीची स्वतंत्र प्रक्रिया विधिमंडळाने आणि शासनाने विचारात घ्यावी. पहिला रोख घाऊक व्यापारी आणि हॉटेले यांच्याकडे असावा, कारण त्यांच्यापाशी लेखी पुरावाही असतो आणि नफ्याचा मोठा वाटाही.

निष्कर्ष

बनावट मालाविरुद्धचा कायदा वेष्टन वाचू शकतो, पण बाजारातला उच्चारलेला शब्द त्याला सहसा ऐकू येत नाही. सातपाटीच्या लौकिकाला बाहेरच्या नकलेइतकाच आतला धोकाही आहे. वाढ न झालेले लहान पापलेट जाळ्यात ओढून विकले गेले, तर उद्या नावाचे रक्षण होईल, परंतु त्या नावाचा मासा उरणार नाही. म्हणून प्रतवारी, लहान माशाला दिलेले अभय आणि खरेदीची नोंद या गोष्टी अंमलबजावणीच्या आधीच्या पायऱ्या मानल्या पाहिजेत. गावाच्या नावाचा धनी गावच असावा, हे तत्त्व कायद्याने तत्त्वतः स्वीकारले आहे. नोंदवहीत ते नाव लिहिण्याचे आणि बंदरावर ते रोज खरे करण्याचे काम मात्र सातपाटीलाच करावे लागणार आहे.