‘वासुदेव’ : एका नावाचे दोन अर्थ

आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आपले नाव ‘वासुदेव’ असे सांगितले ते काहीसे लाजतच. नाव जुनाट, ही त्याची तक्रार. ज्या पनवेल तालुक्यातील शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले, तेथेच ही लाज वाटावी याचे आम्हांस नवल वाटले. त्याच्याजवळील नामसंग्रहात त्या नावापुढे ‘श्रीकृष्ण’ एवढाच अर्थ होता. पण हा अर्थ नव्हे. ही केवळ ओळख झाली.

व्याकरणदृष्ट्या वसुदेवाचा पुत्र तो वासुदेव. विष्णुपुराणास तेवढ्याने समाधान झाले नाही. ‘वस्’ म्हणजे राहणे, या धातूवरून जो सर्वत्र वसतो व ज्यात सर्व वसते तो वासुदेव, अशी दुसरी व्युत्पत्ती त्याने दिली. भाषाशास्त्राचे अभ्यासक हिला ओढूनताणून आणलेली म्हणतील. परंतु तेवढ्यावरून तिला टाकून देणे घाईचे होईल.

पाणिनीने वासुदेव व अर्जुन यांच्या भक्तांकरिता स्वतंत्र सूत्र रचले. क्षत्रियनामांचा नियम लगेच पुढे असता वासुदेवाचा निराळा उल्लेख कशास, ही शंका पतंजलीने काढली आणि हे पूज्य व्यक्तीचे नाव आहे, असेही एक उत्तर सुचविले. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात बेसनगर येथे हेलिओडोरस नामक यवन वकिलाने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. आपल्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखाच्या आरंभीही संकर्षण-वासुदेवांस वंदन आहे. पुढे कुशाण वंशातील राजानेही हेच नाव धारण केले.

त्या यवनाने ध्वज उभारला तो कोणा वसुदेवाच्या मुलाकरिता नव्हे, आपल्या आराध्य देवाकरिता. म्हणजे शब्द घडला कसा, हे पहिली व्युत्पत्ती सांगते. लोकांच्या मनात तो वाढला कसा, हे दुसरी सांगते. पहिली शब्दाचा जन्म होय, दुसरी त्याचे चरित्र. माणसाची योग्यता आपण केवळ जन्मावरून ठरवीत नाही; मग नावाची तरी का ठरवावी?

मोरपिसांची उंच टोपी घालून पहाटे दारोदार दान मागणारा वासुदेवही याच चरित्रातला. त्याच्या पित्याचे नाव कोणी विचारीत नाही. तो साऱ्या गावाचा असतो. शिरढोणच्या वासुदेवाने १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या बंदिवासात देह ठेवला, तेव्हा तोही एकट्या बळवंतरावांचा पुत्र उरला नव्हता. आमच्या विद्यार्थ्यास आम्ही एवढेच सांगितले, की नाव जुने आहे हे खरे. पण ते अद्याप वापरून संपलेले नाही.