आवाजाचा पत्ता

नाट्यपरीक्षण लिहिताना आपण संहिता, दिग्दर्शन, अभिनय यांवर रकाने भरतो आणि शेवटी ‘प्रकाश व ध्वनी यथायोग्य’ एवढे लिहून मोकळे होतो. मीही तसेच लिहीत आलो. पण सहा वर्षांपूर्वी माझा डावा कान गेला. शाळेत डावीकडून ‘सर’ अशी हाक आली की मी उजवीकडे वळतो, मुले हसतात. दोन कानांपर्यंत आवाज पोहोचण्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतर पडते आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. एका कानाला शब्द कळतो. शब्दाचा पत्ता कळत नाही.

गेल्या वर्षी कामरेजहून सुरतेला एक ऐतिहासिक महानाट्य पाहायला गेलो. 1985 साली आलेल्या बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’ने रुळवलेला हा प्रकार: मोकळे मैदान, खरे घोडे, ध्वनिमुद्रित संवाद. खानदेशातून पोटासाठी आलेली कुटुंबे मुलाबाळांसह हौसेने जमली होती. मंचावर पन्नासेक मावळे, पण प्रत्येकाचा आवाज दोन टोकांच्या कर्ण्यांतून एकसारखाच. शेजारच्या सातवीतल्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, आत्ता बोललं कोण?” त्याचे दोन्ही कान धडधाकट! त्या रात्री सारे मैदानच माझ्यासारखे एककानी झाले होते.

कोणी म्हणेल, डोळा कानाला सांभाळून घेतो. रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावाचे ओठ हलले की आवाज त्या बाहुल्याचाच वाटतो, हे खरे. पण पन्नास तोंडांत डोळ्याने कोणते शोधावे?

विद्यार्थिदशेत पाहिलेले ‘घाशीराम कोतवाल’ मला इथे आठवते. 1972 सालच्या या नाटकात जब्बार पटेल यांनी ब्राह्मणांची जी मानवी भिंत उभी केली, ती गाणारी भिंत होती. रांग फुटली की सूरही फुटून पसरत, रांग जुळली की सूरही जुळत. भास्कर चंदावरकरांचे संगीत माणसांच्या पायांनी मंचभर हिंडत होते.

यंत्राला हे साधतच नाही असे नव्हे. 1970 साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात स्टॉकहाउसेन या जर्मन संगीतकाराने गोलाकार सभागृहात श्रोत्यांच्या वर, खाली, भोवती ध्वनिवर्धक लावून सूर फिरवले. 1974 साली पॅरिसमध्ये फ्रान्स्वा बेल यांनी तर ध्वनिवर्धकांचाच वाद्यवृंद मांडला.

आपल्याला इतकेही नको. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. तारेतून संदेश मात्र तत्काळ पोहोचतो. म्हणून 34 मीटर मागे बसलेल्याला नटाआधी शेजारचा कर्णा सेकंदाच्या दहाव्या भागाने ऐकू येतो आणि जो आधी पोहोचला त्याच्याच नावावर कान आवाज जमा करतो. हेल्मुट हास यांनी 1949 साली हे प्रयोगांनी दाखवले. उपायही त्यातच आहे: मागच्या कर्ण्याचा आवाज तेवढ्याहून किंचित जास्त वेळ थोपवून धरायचा. ध्वनिमुद्रित प्रयोगात मंचाच्या रुंदीभर पाच-सहा कर्णे लावून ज्याचा संवाद त्याच्याजवळून सोडायचा. कर्ण्यांची संख्या हा मोठेपणा नव्हे. पात्राला त्याचा आवाज परत मिळणे महत्त्वाचे.

यापुढे परीक्षणात मी कोणत्या रांगेत बसलो तेही लिहीन. आणि दिशा विचारायला त्या सातवीतल्या मुलाला डावीकडे बसवीन.