बिगर थॉमसचा दुसरा खून

आमच्या वाचक मंडळात गेल्या पावसाळ्यात रिचर्ड राइट यांची 'नेटिव्ह सन' ही कादंबरी चर्चेला घेतली होती. तालुक्याच्या गावी, बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत दर रविवारी दहाबारा जण जमतात. प्राथमिक शिक्षक, चळवळीतले कार्यकर्ते, माझे विद्यार्थी आणि विद्यार्थिनी. ज्यांना इंग्रजी जमते त्यांनी मूळ पुस्तक वाचले. बाकीच्यांना मी प्रकरणामागून प्रकरण मराठीतून सांगत गेलो. चार रविवार चर्चा चालली. चौथ्या रविवारी ती माझ्याच अंगावर आली, म्हणून हे लिहितो आहे.

१९४० साली निघालेली ही कादंबरी उघडउघड गुन्ह्याची कथा आहे. खून, प्रेताची विल्हेवाट, खंडणीची चिठ्ठी, तपास, छपरांवरून पळापळ, अटक, खटला असा रहस्यकथेचा सगळा सांगाडा तिच्यात आहे. शिकागोच्या काळ्या वस्तीत एका खोलीत आई, भाऊ आणि बहीण यांच्यासह राहणारा वीस वर्षांचा बिगर थॉमस डाल्टन नावाच्या गोऱ्या धनिकाकडे ड्रायव्हर म्हणून लागतो. पहिल्याच रात्री दारूने बेहोष झालेल्या मालकाच्या मुलीला, मेरीला, तो तिच्या खोलीत पोचवतो. इतक्यात तिची आंधळी आई दारात येते. गोऱ्या मुलीच्या खोलीत काळा तरुण सापडला तर काय होते, हे बिगरला कोणी शिकवावे लागत नाही. मेरीने आवाज करू नये म्हणून तो तिच्या तोंडावर उशी दाबतो आणि ती मरते. प्रेत तो भट्टीत जाळतो.

पहिल्या रविवारी एक वयस्कर गुरुजी रागावले. "सर, असला नायक कशाला वाचायचा? आधीच लोक आपल्याला काय काय म्हणतात. त्यात आपणच असली माणसे डोक्यावर घ्यायची?" त्यांचा राग मला समजतो. १८७१ च्या कायद्याने या देशात जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण गावात चोरी झाली की पोलीस अजून कोणत्या पालांवर जातात ते आपल्याला ठाऊक आहे. गुरुजींना हवा आहे अण्णा भाऊंचा 'फकिरा'. तोही लुटतो, पण भुकेल्या गावासाठी लुटतो, आणि आपल्या माणसांसाठी स्वतःला इंग्रजांच्या स्वाधीन करतो. बिगर कोणासाठीच काही करत नाही. तो भित्रा आहे, मित्रांवर सुरी काढतो, आईवर खेकसतो.

एका कार्यकर्त्याने याला उत्तर दिले, आणि ते मला तेव्हा पुरेसे वाटले. "खुनी बिगर नाही, व्यवस्था आहे." पुरावे कादंबरीतच आहेत. बिगरचे कुटुंब ज्या उंदरांच्या खोलीत राहते, तिचे आठवड्याचे आठ डॉलर भाडे अखेर डाल्टनच्याच कंपनीच्या तिजोरीत जाते. हाच डाल्टन काळ्यांच्या शिक्षणाला देणग्या देतो आणि त्यांच्या पोरांच्या क्लबला टेबल-टेनिसची टेबले पाठवतो. ज्यांना शिकवले त्यांतल्या कोणाला स्वतःच्या कचेरीत घेतले काय, या प्रश्नावर मात्र त्याला नाही म्हणावे लागते. मेरी आणि तिचा साम्यवादी मित्र जॅन बिगरला आग्रहाने आपल्याबरोबर जेवायला बसवतात, आणि त्याला स्वतःच्या कातडीची लाज वाटू लागते. आपल्या वस्तीत येऊन जेवून गेलेले पाहुणे आठवले तेव्हा खोलीतले सगळेच हसले.

मग चौथ्या रविवारी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी उठली. "सर, चार आठवडे झाले. बेसीचे नाव कोणी घेतले का?"

बेसी मिअर्स ही बिगरची मैत्रीण. काळी, गोऱ्यांच्या घरी राबणारी, थकवा दारूत बुडवणारी. बिगर तिला खंडणीच्या डावात ओढतो. प्रकरण उघडकीस आल्यावर तिला बरोबर घेऊन पळतो, एका ओसाड इमारतीत तिच्यावर बळजबरी करतो आणि ती झोपेत असताना विटेने तिचे डोके ठेचतो. इमारतीच्या आतल्या पोकळीत तिला टाकून दिल्यावर त्याला आठवते ते एवढेच, की पैसे तिच्या कपड्यांच्या खिशात राहिले. ती तेव्हा मेलेली नव्हती. पुढे थंडीने गारठून मेली.

मेरीचा मृत्यू भीतीतून घडला. बेसीचा खून विचार करून केलेला आहे. तरी चौकशीत तिचे प्रेत मांडले जाते ते मेरीच्या खुनाचा पुरावा म्हणून, आणि शिक्षा होते ती मेरीसाठी. बचावाच्या वकिलाच्या लांबलचक भाषणातही बेसीच्या वाट्याला फार थोडे येते. गोऱ्यांच्या न्यायालयाने तिला मोजले नाही हे समजते. आम्ही का मोजले नाही? मी आठ वर्षे ही कादंबरी विद्यार्थ्यांना सांगतो आहे. घरी जाऊन टिपणवही उघडली. डाल्टनवर तीन पाने होती, बेसीवर एक ओळही नव्हती.

याचे एक कारण या कथेच्या घडणीत आहे. पाठलागाच्या कथेत वाचक पळणाऱ्याच्या बाजूने होतो. बिगर सुटावा असे आम्हा सगळ्यांना वाटत होते. त्याच ओघात बेसी आम्हाला माणूस न वाटता अडचण वाटू लागली. ती बोलेल, ती पकडून देईल, असा बिगरचा हिशेब आम्ही त्याच्याबरोबर मांडत गेलो. राइट यांना हे ठाऊक होते. तिचे प्रेत असे मांडलेले पाहून खुद्द बिगरलाच ते सलते. पण तिला तिचे जगणे त्यांनीही फारसे दिले नाही. जेम्स बाल्डविन यांनी १९४९ साली या कादंबरीवर आक्षेप घेतला, की छळणाऱ्याने काढलेले आपले चित्रच बिगर खरे मानतो. त्यात मला एवढीच भर घालायची आहे, की ते चित्र खरे करण्याची किंमत बेसीने मोजली.

दुसरे कारण आमच्या घरातले आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत, सभेत पुढे बसणाऱ्या एका माणसाने बायकोचा हात मोडला. ती पोलिसांत निघाली तेव्हा चार जाणत्यांनी तिला थांबवले. समाजाची बदनामी होईल म्हणाले. मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो.

गुरुजी पुस्तकाबद्दल बोलले तोच हा शब्द, बदनामी. साहित्यात निष्कलंक नायक मागणारे आणि वस्तीत बाईला गप्प बसवणारे एकाच नजरेला भीत असतात. ती नजर वरच्यांची आहे. तिच्यासमोर चांगले दिसावे म्हणून लिहायचे, तर आपण अजून तिच्या चाकरीतच आहोत. आणि सगळा दोष व्यवस्थेवर टाकणारा आमचा कार्यकर्ताही बिगरला पूर्ण माणूस मानत नाही. ज्याच्यावर काहीच जबाबदारी नाही, ते खेळणे असते. डाल्टन गुन्हेगार आहे आणि बिगरही गुन्हेगार आहे. पहिले म्हटल्याने दुसरे पुसले जात नाही.

आपल्या साहित्यात सदोष माणसे यावीत, ती आपली म्हणून यावीत, आणि त्यांनी ज्यांना दुखावले त्यांना बोलायला तोंड असावे. पुढचा रविवार त्या विद्यार्थिनीने मागून घेतला आहे. ती हीच कथा बेसीच्या बाजूने मांडणार आहे. मी खाली सतरंजीवर बसून ऐकणार आहे. गुरुजीही येतो म्हणाले आहेत.