घोडी, गवत आणि इज्जत

सूर्या नदीकाठच्या मासवणकडे वैशाखात राबाची भाजणी चालते. शेतं भेगाळलेली असतात, पाऊस तोंडावर आलेला असतो आणि गुरांसाठी रचून ठेवलेला पेंढा जपायचा असतो. अशा दिवसांत शहाणा माणूस वाऱ्याकडे पाहिल्याशिवाय काडी ओढत नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेलं पत्र इथल्या वाचकाला शहरातल्या वाचकापेक्षा लवकर कळेल. त्या पत्रातही वैशाख आहे, गवत आहे आणि ठिणगीची धास्ती आहे.

हे पत्र म्हणजे योद्ध्याची नीतीच आहे, पण योद्ध्याची नीती म्हटली की आज आपल्यापुढे जपानचा सामुराई उभा राहतो. सचोटी, शौर्य, दया, विनय, सत्य, मान, निष्ठा ही त्याच्या गुणांची यादी जगभर पोचवली ती इनाझो नितोबे यांच्या ‘बुशिदो’ने, आणि ते पुस्तक 1900 च्या सुमाराचं, तेही इंग्रजीत लिहिलेलं. त्याआधीचं प्रसिद्ध ‘हागाकुरे’ 1716 च्या सुमारास पुरं झालं. सामुराईंच्या आपसातल्या मोठ्या लढायांचा शेवट ठरलेला ओसाकाचा 1615 चा वेढा संपून तोवर शंभर वर्षं झाली होती, आणि ज्यांच्या बोलण्यातून तो ग्रंथ उतरला ते यामामोतो त्सुनेतोमो स्वतः कधी रणात लढले नव्हते. मरणाला सदैव तयार राहा, असं त्यांचं सांगणं. सामुराईचं वेतन तांदळात मोजलं जाई, पण तो तांदूळ पिकवणारा त्या पानांत शोधावा लागतो.

छावणीचं पत्र राज्याभिषेकाच्या आसपासचं, म्हणजे ऐन धामधुमीतलं. मौजे हलवर्णला उतरलेल्या पागेचे जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना ते लिहिलं आहे. त्यात शिपायाच्या वीरमरणाचा उल्लेख नाही. मरणाची भीती आहे ती घोड्यांच्या आणि उपाशी कुणब्यांच्या.

सुरुवातीलाच हिशेब येतो. पावसाळ्यासाठी केलेला साठा लष्कराच्या मुक्कामात बराच खपला, मग गडागडांवरचा गल्ला देववून कशीबशी बेगमी केली. आता मनाला येईल तसा दाणा-गवत चाराल तर पडत्या पावसात काही मिळणार नाही आणि घोडी मरतील. ती तुम्हीच मारलीत असं होईल, हे राजे सरळ सांगतात. दोष पावसावर ढकलायला जागा ठेवलेली नाही.

मग लेखणी घोड्यांवरून माणसांकडे वळते, आणि पत्राचा गाभा मला इथे दिसतो. साठा संपला की शिपाई गावात शिरतील आणि काय काय उचलतील याची एक यादी येते. ती दाण्यापासून सुरू होते, भाकरी, गवत, सरपण, भाजी असं करत पाल्यापर्यंत खाली उतरते. यातली एकही गोष्ट लूट म्हणावी एवढी मोठी नाही. भाकरी नेणाऱ्याला आपण दरोडा घातला असं वाटणारही नाही. पण बेरीज अशी होते की कसाबसा घर धरून राहिलेला कुणबी गाव सोडतो. त्याच्या तोंडचा तळतळाटही राजेच लिहून ठेवतात: यांच्यापेक्षा मोगल बरे. स्वतःच्या फौजेबद्दल आपल्याच रयतेचा असा शाप आधीच कल्पून तो अधिकाऱ्यांना ऐकवायचा, याला वेगळ्या जातीचं धैर्य लागतं.

उपायही साधा आहे. पगार खजिन्यातून पदरी पडला आहे, तेव्हा बाजारात जा आणि विकत आणा. (भाजीच्या देठाचा जो दाखला सगळीकडे दिला जातो, तो या पत्रातला नव्हे, तो रामाजी अनंत सुभेदारांना 1676 मध्ये लिहिलेल्या पत्रातला.) अर्थात हा नियम आपल्या मुलखापुरता होता. याच राजांच्या फौजा 1664 आणि 1670 मध्ये सुरतेवर गेल्या, आणि तिथे कुणी बाजारभाव विचारला नाही.

पुढचा भाग आगीचा. कोणी शेकोटी करेल, कोणी भलत्याच जागी चूल मांडेल, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. आणि मग उंदीर येतो: रात्री घरात दिवा असेल, तर त्याची वात उंदीर ओढून नेईल. गड, तह, मोगल, सिद्दी हे सगळं डोक्यात असलेल्या माणसाला हा उंदीर दिसतो, यावर मी प्रत्येक वेळी थबकतो. त्याहून कठोर वाक्य त्याच्या आधीच येऊन गेलेलं असतं. खोपी जळाल्यावर कुणब्यांच्या माना मारल्या तरी एक लाकूड मिळणार नाही. शिक्षेने छप्पर उभं राहत नाही, हे शिक्षेचा पूर्ण अधिकार असलेला माणूस सांगतो आहे.

आपल्या भागात मराठ्यांच्या औदार्याची गोष्ट सांगताना 1739 चं साल निघतं. जानेवारीत तारापूरच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांशी लढताना मराठा सरदार बाजी भिवराव पडले, मे महिन्यात वसईचा किल्ला हाती आला, आणि चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांना शस्त्रांसह, सन्मानाने बाहेर पडू दिलं. ते मोठंच होतं. पण शरण आलेल्या शत्रूशी उमदेपणाने वागायला सारी छावणी साक्षीला असते. कुणब्याच्या परसातली भाजी न तोडणं कुणालाच दिसत नाही, म्हणून मला ते अधिक अवघड वाटतं.

हा रोखा सर्वांनी तपशीलवार ऐकावा, अशी पत्रात आज्ञा आहे. त्यातली वाक्यं कानासाठीच घडली आहेत. ‘कोणी’ आणि ‘गरज नाही’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात ते वाचून दाखवताना ठसावेत म्हणून. शेवटी इशारा येतो: ज्याच्याकडून कसूर होईल त्याची मराठ्याची इज्जत राहणार नाही, मग रोजगार कुठला? अब्रू आणि पगार एकाच दमात आले आहेत. सामुराईला गेलेली अब्रू भरून काढायला पोट चिरण्याची वाट होती. हलवर्णच्या जुमलेदाराला तशी वाट ठेवलेली नाही. त्याला कारकून देईल तेवढाच दाणा घ्यायचा आहे, आणि रोज फिरून चुली कुठे पेटल्या आहेत ते पाहायचं आहे.